रिपोर्ट नॉर्मल, तरी जमीन हलतेय

पत्र: “माझं वय २५. मूळची साताऱ्याची, तीन वर्षं पुण्यात नोकरी करते, पीजीत राहते. पाच महिन्यांपूर्वी ताप येऊन गेला. त्यानंतर आठवडाभरात बसच्या रांगेत उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडली, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या. वाटलं, आता संपलं सगळं. तेव्हापासून जवळजवळ रोज होडीत उभं असल्यासारखं वाटतं. कपाळाभोवती आणि डोक्याच्या मागे दाब असतो. आडवं झालं की बरं वाटतं. मॉलमध्ये, गर्दीत, मोबाइल स्क्रोल करताना वाढतं. मेंदूचा एमआरआय नॉर्मल, कान नॉर्मल. मानेच्या एक्स-रेत ‘मणक्याची वक्रता कमी’ आली म्हणून मानेला पट्टा दिलाय. हिमोग्लोबिन १०.९, बी-१२ १७०. चक्करेची गोळी चार महिने रोज तीनदा चालू आहे, डोकेदुखीची आठवड्यातून चार-पाच वेळा घेते. कॉलेजपासून मला घाबरायला होतं, तेही डॉक्टरांना सांगितलं. स्कूटर सोडली, आता नोकरीही सोडावी का? घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. खरंच तसं असेल का? की पुन्हा एमआरआय करू?”

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देतो: नोकरी सोडू नका, हे मनाचे खेळ नाहीत, आणि नवं काही लक्षण दिसल्याशिवाय पुन्हा एमआरआयची गरज नाही. बाकी खुलासा लांबणार आहे, कारण तुमच्या पत्रात एक नाही, निदान चार गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत.

सुरुवात शब्दापासून. डॉक्टरांपुढे ‘चक्कर’ हा शब्द वापरूच नका. मराठीत आपण चार वेगळ्या गोष्टींना चक्कर म्हणतो आणि चारही गोष्टींची कारणं निराळी असतात. खोली गरगर फिरते ती एक. त्यातही कूस बदलताना किंवा वर पाहताना मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर असेल, तर बहुतेक वेळा कानाच्या आतले कॅल्शियमचे बारीक खडे जागचे हललेले असतात. ते डोकं ठरावीक पद्धतीने वळवून पुन्हा जागी बसवता येतात, गोळ्यांनी बसत नाहीत. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडणार असं वाटतं ती भोवळ किंवा घेरी. तिचा संबंध रक्तदाब, रक्तातलं लोह, पाणी आणि हृदय यांच्याशी. चालताना झोक जातो, पाय नीट पडत नाहीत, तो तोल जाण्याचा प्रकार. तिथे नसा, स्नायू, मेंदूचा मागचा भाग तपासावा लागतो. आणि चौथं, तुम्ही लिहिलंय ते: तरंगल्यासारखं, होडीत असल्यासारखं, डोकं हलकं आणि जड एकाच वेळी. बसच्या रांगेत तुम्हाला भोवळ आली होती. त्यानंतर पाच महिने जे चाललंय ते तरंगणं आहे. फाइलमध्ये दोन्हींना ‘चक्कर’ लिहिलंय, आणि घोळ तिथूनच सुरू झालाय.

पुढे जाण्याआधी, कोणत्या गोष्टी दिसल्या तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, ते सांगतो. क्षणात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. चेहरा, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाची दोन दिसणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं. तापासोबत मान ताठणं. जिना चढताना किंवा व्यायाम करताना शुद्ध हरपणं. एका कानाला अचानक ऐकू कमी येणं; यात उपचाराला उशीर झाला तर ऐकणं परत येण्याची शक्यता घटते, म्हणून ‘कानात मळ असेल’ म्हणून थांबू नये. डोक्यातल्या दाबाबद्दल आणखी एक. आडवं झाल्यावर किंवा पहाटे दाब वाढत असेल, वाकल्यावर क्षणभर दिसेनासं होत असेल, कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्यायचा. कवटीतला दाब खरोखरच वाढण्याचा एक आजार तरुण मुलींमध्ये दिसतो, विशेषतः वजन वाढलेलं असेल तर किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या चालू असतील तर. साधा एमआरआय त्यात नॉर्मल येऊ शकतो. तुम्हाला आडवं झाल्यावर बरं वाटतं, म्हणजे तुमचं चित्र उलट आहे. तरीही पडदा एकदा पाहून घ्यायला हरकत नाही, दहा मिनिटांचं काम आहे.

आता तुमचे आकडे. हिमोग्लोबिन १०.९ ला कुणीतरी ‘थोडं कमी’ म्हटलेलं दिसतंय. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये १२ च्या खाली रक्तक्षय धरतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ८ ते १०.९ हा ‘मध्यम’ रक्तक्षय आहे, सौम्य नव्हे. बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरताच. त्यात एक मेख आहे: लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असले की सरासरी आकार नॉर्मल येतो आणि रिपोर्ट वरवर चाळणाऱ्याला काही खटकत नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. १५ च्या खाली म्हणजे साठा संपला, ३० च्या खाली असलं तरी बरेच डॉक्टर कमतरता धरतात. सोबत टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, आणि एक ईसीजी. पाळीत रक्तस्राव जास्त जातो का, हे कुणी विचारलं नसेल तर तुम्हीच सांगा, नाहीतर लोह एका बाजूने भरत राहाल आणि दुसऱ्या बाजूने गळत राहील.

लोहाची गोळी दिवसाआड घेतली तरी चालते. एक डोस घेतला की पुढचे साधारण २४ तास शरीर आतड्यातून लोह शोषायचं कमी करतं, त्यामुळे रोज गिळलेल्या गोळीचा बराच भाग वाया जातो आणि पोट मात्र रोज बिघडतं. लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, कॉफी, कॅल्शियमची गोळी आणि अॅसिडिटीचं औषध यांच्यात आणि तिच्यात तासा-दोन तासांचं अंतर हवं. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायची, साठा भरायला तेवढा वेळ लागतो. बी-१२ इंजेक्शनने भरायचं की गोळीने, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. मुंग्या एरवीही येत असतील तर तसं सांगा.

रक्तदाबाची चाचणी घरी करता येते. सकाळी चहाआधी, कुणीतरी जवळ असताना. पाच मिनिटं शांत आडवं पडायचं, रक्तदाब आणि नाडी लिहायची. मग उठून उभं राहायचं, भिंतीला न टेकता, आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजायचं. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावर रक्तदाब पडतोय. रक्तदाब न उतरता नाडी दहा मिनिटांत ३० ठोक्यांनी वाढून तिथेच राहिली, तर तेही लिहून डॉक्टरांना दाखवा. तापानंतर काही महिने असं होऊ शकतं, रक्तक्षयातही होतं. तीन वेगवेगळ्या सकाळी मोजलं की पुरे. त्यानंतर यंत्र कपाटात ठेवा. दिवसातून आठ वेळा रक्तदाब आणि ऑक्सिमीटर बघणं ही तपासणी राहत नाही, तो त्रासाचाच एक भाग होतो.

हे सगळं भरून निघालं तरी तरंगणं पूर्ण जाईल असं नाही, कारण त्याचा खरा यंत्रणेतला बिघाड वेगळ्या जागी आहे. तोल सांभाळायला मेंदूकडे तीन ठिकाणांहून बातमी येते: कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन पिशव्या, डोळे, आणि तळपाय-सांधे-मान. एरवी मेंदू या तिन्हींचा मेळ न सांगता-सवरता घालतो. एकदा जोरदार भोवळ आली, वर भीतीचा झटका आला, की तो सावध पवित्रा घेतो. अंगणात आखलेल्या वीतभर रुंदीच्या पट्ट्यावरून तुम्ही गप्पा मारत चालाल. तोच पट्टा विहिरीचा कठडा असला, तर पोटऱ्या ताठ होतात, मान हलत नाही, पावलं आखूड पडतात आणि नजर एका जागी खिळते. कठड्यावर ते योग्यच आहे. तुमचा मेंदू पाच महिने सपाट जमिनीवर कठड्याचा पवित्रा घेऊन उभा आहे. ताठ पोटऱ्यांमुळे शरीराचा बारीकसा डोलही मोठा जाणवतो. डोळ्यांवर भिस्त जास्त ठेवल्यामुळे आजूबाजूचं हललं की आपणच हललो असं वाटतं, म्हणून मॉलमधल्या रॅकांच्या रांगा, सरकता जिना, वर सरकणारा मोबाइलचा पडदा. आणि मान आखडून धरल्यामुळे डोक्याच्या मागचा दाब.

या चित्राला पर्सिस्टंट पोश्चरल-परसेप्च्युअल डिझिनेस, थोडक्यात पीपीपीडी म्हणतात. कान आणि तोल यांच्या तज्ज्ञांच्या बारानी सोसायटीने २०१७ मध्ये त्याचे निकष ठरवले: तीन महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस, तासन् तास राहणारं तरंगणं, उभं राहणं, हालचाल आणि डोळ्यांपुढची वर्दळ यांनी वाढणारं, बहुधा एखाद्या तीव्र झटक्यानंतर सुरू झालेलं. ज्यांचा स्वभाव आधीच चिंतेचा, त्यांना तो जास्त चिकटतो. म्हणजे चिंतेचा संबंध आहे, पण ‘मनाचे खेळ’ नाहीत. बिघाड हिशोबाच्या पद्धतीत आहे. हार्डडिस्क शाबूत असली म्हणून सॉफ्टवेअर नीट चालेलच असं नसतं, आणि एमआरआय फक्त हार्डडिस्क बघतो. निदान अर्थात समोर बसून तपासणारे डॉक्टरच करतील. त्यांना एक प्रश्न अवश्य विचारा: हे मायग्रेनचं तर नाही ना? डोकेदुखीत उजेड-आवाज नको होतो का, मळमळतं का, आईला किंवा मावशीला अर्धशिशी होती का, पाळीच्या आसपास वाढतं का? पाच मिनिटांपासून ७२ तासांपर्यंतचे, सुटेसुटे झटके असतील तर मायग्रेनच्या अंगाने उपचार लागतो.

मानेच्या एक्स-रेबद्दल थोडं कडक लिहितो. ‘वक्रता कमी झाली’ हे वाक्य ज्यांना कसलाही त्रास नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत दिसतं. स्नायू आखडलेले असले किंवा फोटो काढताना हनुवटी जरा खाली असली तरी दिसतं. त्याने चक्कर येत नाही. पट्टा काढून ठेवा. मान जितकी बांधून ठेवाल तितकी मेंदूला तिथून येणारी बातमी कमी होईल आणि कठड्याचा पवित्रा पक्का होईल.

चक्करेच्या गोळ्यांचंही तेच. पत्रात नाव नाही. पण बीटाहिस्टिन असेल तर या प्रकारच्या तरंगण्यावर तिचा उपयोग होत नाही. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन असेल तर ती खऱ्या गरगरीत दोन-चार दिवसांपुरती असते. महिनोन् महिने घेतली तर मेंदूचं जुळवून घेणंच मंदावते, आणि हात थरथरणं, अंग ताठणं असे परिणाम होऊ शकतात. डॉक्टरांना विचारून बंद करा. झोपेच्या, ‘टेन्शनच्या’ अल्प्राझोलाम-क्लोनाझेपामसारख्या गोळ्या कुणी दिल्या असतील तर त्या मात्र स्वतःहून एकदम तोडू नका, हळूहळू उतरवाव्या लागतात.

डोक्याचा दाब. कपाळाला फडकं आवळून बांधल्यासारखा, दोन्ही बाजूंना, चालल्या-फिरल्याने न वाढणारा दाब म्हणजे बहुधा ताणाची डोकेदुखी. पण आठवड्यातून चार-पाच वेळा वेदनाशामक म्हणजे महिन्याला १६ ते २० दिवस. साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि कॅफिन वगैरे मिसळलेली १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर गोळीच डोकेदुखी चालू ठेवते. ती थांबवली की पहिले दोन ते दहा दिवस डोकं जास्त दुखतं, नंतर उतरायला लागतं. म्हणून ऑफिसात डेडलाइनचा आठवडा नसेल तेव्हा थांबवा, आणि पुढे आठवड्यातून दोन दिवसांची मर्यादा पाळा. चहा पाच कप होत असेल तर तोही दर तीन-चार दिवसांनी एक कप असा कमी करत आणा. एकदम सोडला तर त्याचीच डोकेदुखी येते. दात आवळून बसता का, ते दिवसातून पाच-सहा वेळा तपासा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. चष्म्याचा नंबर बघून घ्या. आणि केस घट्ट वर बांधत असाल तर आठवडाभर सैल बांधून पाहा. हे वाचून हसू येईल, पण कवटीवरच्या ओढीने दिवसभर दाब राहतो.

श्वासाकडे आता. बसच्या रांगेत ओठांभोवती मुंग्या आल्या होत्या, ती भराभर श्वास घेतल्याची खूण. जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. ऑक्सिमीटर तेव्हाही ९८-९९ दाखवतो. त्यामुळे घाबरल्यावर ‘खोल श्वास घे’ हा सर्वांचा आवडता सल्ला नेमका उलटा पडतो. मोठा नाही, संथ श्वास हवा: नाकाने चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पोट हलेल पण खांदे उचलले जाणार नाहीत असा. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं, आणि तेही शांत असताना. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. सध्या कपालभाती आणि भस्त्रिका बंद ठेवा. श्वास न कोंडता अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी चालेल. कागदाच्या पिशवीत श्वास घेऊ नका.

मुख्य उपचार हालचालीचा आहे. जमलं तर तोलाचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. सगळ्याच फिजिओना ते येत नाहीत, फोनवर आधी विचारा. तोवर घरी एवढं सुरू करता येईल. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला ‘क’ लिहिलेला कागद चिकटवा, हातभर अंतरावर बसा, आणि अक्षर स्पष्ट दिसेल एवढ्याच वेगाने मान डावी-उजवी हलवा. सुरुवातीला ३० सेकंद, आठवड्याभरात एक मिनिट. मग तेच वर-खाली. दिवसातून तीनदा. दहा दिवसांनी बसण्याऐवजी उभं राहून, नंतर पावलं जुळवून, नंतर कागदाच्या मागे रेघांची किंवा फुलांची चादर लावून. हातभर अंतरावर भिंत असू द्या, पण धरू नका. मोजमाप असं: शून्य ते दहाच्या पट्टीवर त्रास व्यायामाने दोन-तीन अंकांनी वाढला आणि १५-२० मिनिटांत उतरला, तर मात्रा बरोबर. अजिबात वाढला नाही तर व्यायाम फार सोपा, तासभर रेंगाळला तर वेग अर्धा करा. इथेच बहुतेक जण फसतात. पहिल्या दिवशी त्रास वाढला म्हणून सोडतात. वाढायलाच हवा, पण थोडा. मात्र खोली गरगर फिरू लागली किंवा मानेतून हातात कळ गेली तर थांबा आणि दाखवा.

सोबत रोज २०-३० मिनिटं चालणं, मान मोकळी ठेवून, दुकानांच्या पाट्या वाचत. आणि गर्दीची पायरी-पायरीने सवय. आधी पीजीखालचं किराणा दुकान. मग सुपरमार्केट, सकाळी ११ ला, आठवड्याच्या मधल्या दिवशी, दहा मिनिटं. मग सरकता जिना. तुळशीबाग पुढच्या टप्प्याला, तीही आधी दुपारची. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिथे धडधाकट माणसालाही गरगरतं. प्रत्येक पायरी त्रास उतरेपर्यंत, आणि आठवड्यातून निदान चारदा. भिंतीकडेने चालणं, मैत्रिणीचा दंड धरणं, पाण्याची बाटली घट्ट पकडून ठेवणं, हे एकेक करून सोडायचं. प्रत्येक आधार मेंदूला सांगतो की कठडा खरा आहे.

दोन महिने असं करूनही फरक नाही, किंवा भीतीचे झटके वारंवार येतायत, झोप उडालीय, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन या गटातली औषधं पीपीपीडीतही दिली जातात, नैराश्य नसलं तरी. अगदी कमी मात्रेने सुरू करतात, कारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, अस्वस्थता, कधी तरंगणंही वाढतं; खरा परिणाम ८ ते १२ आठवड्यांनी कळतो. आठवड्यात ‘सूट झाली नाही’ म्हणून टाकून देऊ नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम तोडूही नका. अचानक बंद केली की पुन्हा चक्कर आणि डोक्यात विजेच्या झटक्यांसारखं वाटतं, आणि माणूस समजतो आजार उलटला. सोबत विचार-वर्तनाचं समुपदेशन. रात्री-अपरात्री फार घाबरायला झालं, जगणं नको वाटलं, तर टेलिमानस १४४१६ वर फोन करा. सरकारी सेवा आहे, २४ तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

सुधारणा साधारण सहा-आठ आठवड्यांनी दिसू लागते आणि वर-खाली होत तीन ते सहा महिने चालते. पाळी, जागरण, सर्दी-ताप, उपास यांत एखादा दिवस पुन्हा पहिल्यासारखा जाईल. उपासाबद्दल सांगायचं तर, लोह आणि बी-१२ भरून येईपर्यंत नुसत्या चहावरचे उपास नकोत. घरी आई रागावली तर डॉक्टरांचं नाव सांगा.

राहिली स्कूटर. गरगरण्याचे किंवा शुद्ध जाण्याचे झटके नाहीत आणि उभं राहिल्यावरचा रक्तदाब ठीक आहे, हे डॉक्टरांनी पाहिलं की मग सुरू करा. रविवारी सकाळी सातला, सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर, दहा मिनिटं. दोन आठवड्यांनी कॉलनीबाहेर. ऑफिसचा रस्ता आणि उड्डाणपूल सगळ्यात शेवटी. हेल्मेट काढल्यावर कपाळावर वळ उमटत असेल तर एक माप मोठं घ्या.